चाल दिलेली जोडी

नवी कोल्हापुरी चप्पल चावते. पन्नास वर्षं चपला करून हे मी सांगतेय, तेव्हा खोटं कशाला बोलू? अंगठ्याला चावते, टाचेला घासते आणि पट्टा पायाच्या मधल्या हाडावर बसतो तिथं तर अशी चावते, की चौथ्या दिवशी माणूस ती हातात घेऊन अनवाणी घरी येतं. दुकानदार म्हणतो, "चार दिवस तेल लावा, मग बघा." तेलानं फरक पडतो, पडत नाही असं नाही. पण कातड्याला खरं नरमवतो तो पाय.

आमच्या घरची चप्पल मात्र पहिल्या दिवशीही चावायची नाही. त्यासाठी लोक दोन-दोन गाड्या बदलून यायचे. का चावत नाही ते बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणाला सांगायचंही नाही असं घरात ठरलेलं होतं. आज ते लिहून टाकते. सासूबाई आता नाहीत, लपवण्यासारखं काही राहिलेलं नाही, आणि अंकाच्या बाईंनी सांगितलंय, "मावशी, तुम्ही बोलता तसंच लिहा, शुद्धलेखनाचं आम्ही बघतो." मी चौथी पास. कातडं गुंडाळून यायचं त्या रद्दीच्या कागदावर वाचायला शिकले. तेव्हा त्यांनी बघावंच.

आधी चप्पल कशी होते ते सांगते. बाहेरच्या माणसाला वाटतं, चार टाके घातले की झाली. कातडं भिजवायचं, कुटायचं, रापीनं कापायचं. तळाचे थर एकावर एक ठेवून वादीनं शिवायचे. वादी म्हणजे कातड्याचीच दोरी; आमच्या चपलेत खिळा नसतो. तळाला दोन बाजूंनी कान निघतात, कानात पट्टा बसतो, पुढं पायाचा अंगठा अडकवायची वादी, तिलाही अंगठाच म्हणतात. तळ कुटायचा आणि शिवायचा तो गड्यांनी. पट्ट्यावरची वेणी बायकांची. माझी वेणी सातपदरी. बोलता बोलता, न बघता घालते. एवढा एक गर्व मला आहे, तो राहू दे.

आणि सगळ्यात शेवटचं काम म्हणजे चाल द्यायची. हा शब्द आमच्याच घरातला, दुसरीकडं ऐकला नाही. जोडी पुरी झाली की घरातल्या ज्याच्या मापाची असेल त्यानं ती पायात घालायची आणि सारवलेल्या अंगणात फिरायचं. आठ दिवस. पायाला पातळ फडकं बांधायचं, म्हणजे आत डाग पडत नाही. आठ दिवसांनी तळ ओल्या फडक्यानं पुसला, तेलाचा हात फिरवला, की जोडी तयार. गिऱ्हाइकाच्या पायात ती पहिल्या दिवसापासून लोण्यासारखी.

मी लग्न होऊन आले तेव्हा सतरा वर्षांची होते. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी एक जोडी पुढ्यात ठेवली. लाल गोंड्याची, जरीची वेणी.

"घाल, इंदे."

माहेरी मला कधी नवं पायताण मिळालं नव्हतं. थोरल्या बहिणीचं झिजलेलं यायचं. मी ती जोडी घातली आणि अंगणात अशी मिरवले, की शेजारची म्हातारी हसली, "सासूनं सुनेला डोक्यावर घेतलंय गं बाई!" झाडलोट त्यातच, पाणी भरणं त्यातच. फडकं कशाला बांधायचं ते कळत नव्हतं, पण वाटलं, नवीन आहे म्हणून जपायला सांगत असतील. आठ दिवसांनी सासूबाई म्हणाल्या, "काढ. झाली मऊ." तळ पुसला, कागदात बांधली. मी बघत राहिले. त्यांनी माझ्या पायापुढं दुसरी जोडी ठेवली.

त्यानंतर किती जोड्या घातल्या, मोजल्या नाहीत. दर आठवड्याला नव्या कोऱ्या चपला पायात असणारी बाई अख्ख्या गल्लीत मी एकटी. आणि माझ्या स्वतःच्या? त्या रबरी.

गिऱ्हाइकाला का सांगायचं नाही, ते कोडोलीच्या एका मोठ्या घरी गेल्यावर कळलं. तिथल्या बाईंच्या चपला पोचवायला मी आणि सासूबाई गेलतो. आम्ही चर्मकार. बाईंनी आम्हाला फाटकाच्या आत घेतलं, पण पायरीच्या खाली. प्यायला पाणी मागितलं तर तांब्यातून वरून ओंजळीत ओतलं. मग चपला पायात घातल्या, चार पावलं चालल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या हाताला काहीतरी हाय बघ. दुसऱ्याची पायताणं रगत काढत्यात." सासूबाईंनी नुसते हात जोडले. परत येताना उसाच्या कडेनं चालत होतो, तर त्या एकदम हसायला लागल्या.

"काय झालं, आत्या?"

"काय न्हाई गं. ओंजळीत वरनं वततीया आन् तुज्या पायातनं काढल्यालं पायात घालतीया. कळलं तर चुलीत घालंल. हाताला हाय म्हणं!"

मीही हसले. त्या वयात हसूच येतं.

एकाच गिऱ्हाइकाला माहीत झालं. कबनूरचा यंत्रमागावरचा एक माणूस मुलीच्या लग्नासाठी जोडी सांगून गेला होता. पोरीला दिवसभर उभं राहायचंय, पाय दुखवू नका, एवढंच म्हणाला होता. तो दोन दिवस आधीच टपकला आणि मी अंगणात धुणं वाळत घालतेय, पायात त्याच्या पोरीची चप्पल. मी जागच्या जागी उभी. तो पायाकडं बघतोय, मी जमिनीकडं. सासूबाई आतून ओरडायच्या बेतात. तो म्हणाला, "चालू दे, बाई. आणि दोन दिवस फिरा पाहिजे तर. माज्या पोरीला चावाय नको." आणि दाराबाहेर दगडावर बसून राहिला, धुणं संपेपर्यंत. असं माणूस पुन्हा भेटलं नाही.

आता सुशीलाबद्दल. सुशीला माझी धाकटी जाऊ. ती आली तोपर्यंत माझे गुडघे बोलायला लागले होते, म्हणून बायकांच्या मापाची चाल तिच्याकडं गेली. तिचा पाय सरळ, रुंदीला बेताचा, आणि चालणं असं एकसारखं की जोडीतली डावी-उजवी सारखीच नरमायची. एकच खोट. लहानपणी तिच्या उजव्या पायावर जात्याची तळी पडली होती, तेव्हापासून करंगळी वर उचललेली, जमिनीला टेकायची नाही. ओल्या पायानं फरशीवरून गेली की चारच बोटं उमटायची. मुलं म्हणायची, काकी मांजरीसारखी चालते. तीच मोठ्यानं म्याव करायची.

दीर गेले तेव्हा मी तिला म्हटलं होतं, "कुठं जाऊ नको. मी हाय तवर तुला ह्या घरात काम हाय." हा शब्द लक्षात ठेवा, पुढं मी तो मोडणार आहे.

मार्ताबाई आल्या त्या करोना सरल्यानंतर. उंच, उन्हानं लाल झालेल्या. स्पेनमध्ये समुद्रकाठच्या कुठल्याशा गावात त्यांचं पायताणांचं दुकान. बाजारातल्या दुकानांतून विचारत विचारत आमच्या गल्लीत पोचल्या, दाराशी बूट काढले आणि आम्ही घरच्या आणि गल्लीतून कामाला येणाऱ्या अकरा बायका वेणी घालत बसलो होतो त्यात मांडी घालून बसल्या. सोबत दुभाषा नाही. माझी सून प्राजक्ता बी.कॉम., ती इंग्रजीत बोलायची, मार्ताबाई मोडक्या इंग्रजीत उत्तर द्यायच्या. पण हातात काम असलं की भाषा फार लागत नाही. त्यांनी माझ्या वेणीवर बोट ठेवलं.

"त्रेन्सा."

"वेणी," मी म्हटलं.

"बेनी."

"बेनी न्हवं वो, वेणी! वे! वे!" सुशीला ओरडली. "आक्का, हिला व म्हणाय येत न्हाई."

दोन दिवस असा खेळ चालला. मी प्राजक्ताच्या जुन्या वहीत लिहून घ्यायची. कुएरो म्हणजे कातडं. सुएला म्हणजे तळ. पिए, पाय. मानो, हात. त्या गेल्यावरही फोनवर चित्रं काढून, दाखवून एकेक शब्द चालूच. वेणी घालताना मी पाठ करायची आणि सुशीला सगळ्यांना सांगायची, "गप बसा गं, आक्कांचा अभ्यास चाललाय. स्पेनची सून आणणार हायत." साठीच्या पुढं शाळा सुरू झाली म्हणून मी हुरळले होते. आयुष्यात पहिल्यांदा एखादी परकी बाई माझ्या हाताकडं बघून वहीत टिपून घेत होती. कुणाला आवडणार नाही?

मग ऑर्डर आली. दोनशे जोड. आमच्या अकरा जणींच्या हातानं एवढं मोठं काम कधी झालं नव्हतं. आवडलं तर दरवर्षी घेईन, असं मार्ताबाईंनी सांगितलं होतं. गल्लीतल्या चार पोरी वेणी सोडून मॉलमध्ये कपड्यांच्या घड्या घालायला चालल्या होत्या, त्या थांबल्या. मी त्यांच्या आयांना शब्द दिला होता.

सोबत अटींचा कागद आला, त्यांच्या भाषेत. कातडं बिनरंगाचं, नैसर्गिक. तेल नको. खिळा नको. आणि सातव्या ओळीत लिहिलं होतं, जोड्या 'सिन एस्त्रेनार' हव्यात. प्राजक्तानं तो शब्द फोनला विचारला, तर फोन म्हणाला, प्रदर्शित न झालेल्या.

"पिक्चर काढणार व्हय पायताणांचा?" सुशीला म्हणाली. सगळ्या हसल्या.

प्राजक्तानं पुन्हा खटपट केली. "आई, नवीन असा अर्थ असेल. नव्या कोऱ्या हव्यात, एवढंच."

मी वहीत लिहिलं, एस्त्रेनार, नवं. आणि मनात म्हटलं, नवं नाही तर काय जुनं देणार आहोत? त्यात सांगायचं काय एवढं?

इथं आमची चूक झाली, आणि ती चूक आमच्याच घरात होऊ शकते. दुसऱ्या कुणाही कारागिरानं दोनशे जोड शिवले असते, खोक्यात भरले असते आणि पाठवून दिले असते. त्या चावल्या असत्या तर चावल्या असत्या. पण माझ्या लेखी चाल दिल्याशिवाय जोडी पुरीच होत नाही. अर्धी भाकरी भाजून ताटात वाढायची का? चाल दिल्यानं चप्पल जुनी होते हे माझ्या डोक्यात पन्नास वर्षांत कधी आलं नव्हतं. उलट मी बायकांना म्हटलं, एवढ्या लांबची बाई, तिच्या गिऱ्हाइकाला एक फोड येता कामा नये. आपल्या घराचं नाव जाईल.

दोनशे जोडांना चाल द्यायची आणि दिवस थोडे. मे महिना. अकराच्या अकरा जणी आमच्या छोट्या कारखान्याच्या फरशीवर फेऱ्या मारायच्या, जत्रेत मारतात तशा. जास्त जोड्या सुशीलाच्या मापाच्या होत्या. सकाळी एक, दुपारी एक अशी ती जोडी बदलायची. घामानं फडकं घसरायचं, गोळा व्हायचं, दर चार फेऱ्यांनी ती वाकून बांधायची.

"आक्का, ह्या फडक्यानं काय खरं न्हाई. येळ जातोय नुसता."

मी वेणी घालत होते. मान वर न करता म्हटलं, "मग काढ ते. पाय पूस आन् घाल. बिनतेलाचं कातडं हाय, काय डाग पडतोय?"

असं मी म्हटलं. शब्द न् शब्द मला आठवतो. तेव्हा प्राजक्ता तिथं होती, आणखी दोघी-तिघी होत्या. सुशीलानं फडकं सोडलं, घडी करून पिशवीत ठेवलं.

कातड्याचं मला सगळं कळतं असं वाटत होतं. हे कळलं नाही, की रंग-तेल नसलेलं कातडं घाम पितं आणि लगेच दाखवत नाही. खोक्यात, अंधारात, बोटीवर महिनाभर राहिलं की मग त्याचा रंग फिरतो. आम्ही पाठवल्या तेव्हा त्या दुधावरच्या सायीसारख्या होत्या.

फोटो आले. आतल्या बाजूला टाचेची सावली, आणि पुढं बोटांची. एक, दोन, तीन, चार. पुढची जोडी, चार. त्याच्या पुढची, चार. इतरांच्या जोड्या स्वच्छ होत्या, कारण त्यांनी फडकी बांधली होती. फोन अकरा जणींच्या हातांतून फिरला. कुणाच्या ते विचारायला नको. पाय सही करून गेला होता.

दुसऱ्या दिवशी मार्ताबाई फोनच्या पडद्यावर आल्या. आम्ही सगळ्या समोर दाटीवाटीनं बसलेल्या. त्यांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. त्या हळू बोलत होत्या. प्राजक्ता सांगत होती, "विचारतात, या कुणी घातल्या?"

माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. घरानं केलं असं म्हटलं तर घर गेलं, पुढची ऑर्डर गेली, त्या चार पोरी गेल्या. एकीनं केलं असं म्हटलं तर कदाचित निभावेल. आणि खरं सांगायचं तर हे सगळं नंतर जुळवलेलं आहे. त्या क्षणाला मला नुसती लाज वाटली होती. कोडोलीच्या त्या पायरीखाली उभी राहिले होते, तशी.

मी सुशीलाकडं बोट केलं.

"हिनं. मी फडकं बांध म्हणून सांगितलं होतं. ऐकलं न्हाई."

प्राजक्तानं माझ्याकडं बघितलं. सांगू का, असं. मी म्हटलं, "सांग." तिनं सांगितलं.

मला वाटलं, सुशीला उठेल, ओरडेल, भांडेल, तिची जीभ काय कमी होती? पण ती माझ्याकडं बघत राहिली, जशी नव्या जोडीत शिवण कुठं चुकली ते बघतात.

मार्ताबाईंना राग तिचा नव्हताच. त्या समजावून सांगत होत्या आणि प्राजक्ता तुकड्या-तुकड्यांनी आमच्यात आणत होती. "त्या म्हणतात, फडक्याचा प्रश्न नाही. फडकं बांधलं असतं तरी चाललं नसतं. तिकडं ह्याला वेगळा शब्दच आहे, आई. एस्त्रेनार. नवी वस्तू पहिल्यांदा अंगाला लागते ना, ते करणं. लुगडं असो, घर असो, वही असो, पायताण असो. त्यांची आजी एका सणाला घरातल्या प्रत्येकाला काहीतरी कोरं द्यायची. काही नाही तर मोजे. आणि सकाळी सगळ्यांसमोर विचारायची, आज तू काय एस्त्रेनार केलंस? पोरं पाय वर करून दाखवायची." प्राजक्ता थांबली. "त्या म्हणतात, त्यांच्या दुकानात बाई येते ती ह्याच्यासाठी. तो पहिला पाय तिचा असायला पाहिजे. तो तुम्ही घेतलात."

घेतलात.

शब्दाचा अर्थ मला तेव्हा कळला. वहीत लिहिलेला खोडून दुसरा लिहायची गरज नव्हती, तो पायातून वर आला. लाल गोंड्याची, जरीच्या वेणीची ती जोडी, सतरा वर्षांची मी, आणि आठ दिवसांनी "काढ, झाली मऊ." त्या आठ दिवसांत मला जे झालं होतं त्याला त्या लोकांकडं शब्द होता. आमच्याकडं नव्हता, कारण आम्हाला तो लागला नव्हता. पन्नास वर्षं प्रत्येक नव्या जोडीत पहिलं पाऊल आमचं होतं, आणि त्यातलं एकही आमचं नव्हतं. हे मी मार्ताबाईंना सांगायला पाहिजे होतं. त्यांना ते समजलं असतं, बाई चांगली होती. पण मी म्हटलं, "सॉरी, मार्ताबाई." तेवढं इंग्रजी येत होतं.

फोन बंद झाल्यावर सुशीला उठली. दारात जाऊन म्हणाली, "फडकं माझ्या पिशवीत हाय, आक्का. धुऊन पाठवते."

दुसऱ्या दिवशी शेजारणीच्या हाती घडी केलेली दोन फडकी आली. सुशीला आली नाही. मुलाकडं उचगावला गेली आणि तिथं कुठल्याशा कारखान्यात पॅकिंगला लागली, असं कळलं.

खोकी परत आली. मार्ताबाईंचा पुढं एक शुभेच्छांचा मेसेज आला, मग तोही नाही. त्या चार पोरी मॉलमध्ये गेल्या. जोड्यांना आम्ही गडद रंग दिला, तेल पाजलं आणि इथंच विकल्या. इथं कुणी आत बघून बोटं मोजली नाहीत. एक बाई तर म्हणाली, "काय मऊ हाय वो! तुमच्या हाताला काहीतरी हाय."

एक जोडी मी रंगवली नाही. ठेवून दिली.

खरं काय ते मी घरात सांगायला एक वर्ष लावलं. प्राजक्ताला सांगायची गरजच नव्हती, ती तिथंच बसली होती. ती एवढंच म्हणाली, "मला वाटलं तुम्ही उचगावला जाल, आई." मी गेले नाही. आज गुडघा, उद्या पाऊस, परवा काम. तीन वर्षं अशीच काढली.

गेल्या दिवाळीआधी वही चाळताना तो शब्द पुन्हा समोर आला आणि मी सुशीलासाठी जोडी करायला घेतली. माप कुठं होतं? होतं की. ती ठेवलेली जोडी काढली. टाचेची सावली, चार बोटं. त्याच्यावर कागद ठेवून माप घेतलं. अंगठा तिच्या अंगठ्याला बसेल असा, उजवा कान बाहेरून थोडा सैल, करंगळीला घासू नये म्हणून. सातपदरी वेणी. लाल गोंडा. आणि कुणालाही पाय घालू दिला नाही. तळ फरशीलासुद्धा टेकवला नाही, कागदावर ठेवूनच शिवून घेतला. चाल न देता घराबाहेर पडलेली ती माझी पहिली जोडी.

उचगावला दोन खोल्यांचं घर. सुशीला उंबऱ्यात शेंगा फोडत बसली होती. वाळलेली दिसली.

"या," म्हणाली. नुसतं या. आक्का नाही.

मी पिशवीतून कागदाची पुडी काढून तिच्या पुढ्यात ठेवली. तिनं पदराला हात पुसले, दोरा सोडला, आणि आधी जोडी उलटी करून तळ बघितला. कारागीर तसंच बघतो. मग वादी ओढून बघितली. मग वेणीवर अंगठा फिरवला.

"कुणाची ऑर्डर?"

"ऑर्डर न्हाई. तुजी हाय."

"माजी?"

"कुणी पाय घातलेला न्हाई, सुशे. तूच पयली."

तिनं हाताचा पंजा आत सरकवला आणि कानाजवळ दाबून बघितलं.

"एस्त्रेनार," ती म्हणाली. माझ्यापेक्षा नीट म्हणाली. मला वाटलं होतं ती शब्द विसरली असेल.

मी म्हटलं, "त्या दिवशी मी खोटं बोलले. फडकं काढ म्हणून मीच सांगितलं होतं."

"मला ठाऊक हाय की. मला कशाला सांगताय? तवा त्या बायकांना सांगायचं हुतं."

 ती शेंगा फोडत राहिली. मग तिनं पाय थोडा पुढं केला. तिच्या पायात जाड, मऊ तळाची, पट्ट्या चिकटवायची तसली दवाखान्यातली चप्पल होती. मी इतका वेळ बघितलीच नव्हती.

"साखर हाय मला. दोन वर्सं झाली. डॉक्टरनी सांगितलंय, पायाला फोड आला तर भरायचा न्हाई. चावणारं कायबी पायात घालायचं न्हाई."

"मला कळलं न्हाई गं."

"कसं कळंल?" तिनं जोडी पुन्हा कागदात गुंडाळली. आमच्या कारखान्यात बांधतात तशीच दोऱ्याची गाठ मारली आणि पुडी माझ्या मांडीवर ठेवली. "चाल देऊन आणायची की, आक्का. मी असते तर दिली असती."

आक्का म्हणाली. पण कसं म्हणाली ते मला लिहिता येत नाही. चहा झाला, नातवाचं विचारलं, आणि मी निघाले.

येताना बसमध्ये पुडी मांडीवर होती. दोनशे जोड परत आले, कारण त्यांत आमचे पाय गेले होते. ही एक परत आली, कारण हिच्यात कुणाचाच गेला नव्हता. शब्द मी बरोबर शिकले होते. माणूस ओळखायला चुकले.

आता रोज सकाळी मी ती जोडी पायात घालून अंगणात फिरते. माझा पाय तिच्याहून लहान, वजनही राहिलेलं नाही, गुडघे चार फेऱ्यांत बस म्हणतात. पूर्वी आठ दिवसांत जोडी नरमायची. ही दिवाळीपासून घालतेय, अजून कान कडकच आहेत. प्राजक्ता विचारते, "आई, ही कधी पुरी व्हायची?" मी म्हणते, बघू.

फडकं सुशीलानंच धुऊन पाठवलेलं आहे. ते बांधायला विसरत नाही.